नाकावरचा म

तिचं खरं नाव कुठल्यातरी सरकारी कागदावर असेल, पण बेटावर तिला सगळे दुर्बीण म्हणत. समोर म्हणत, मागे म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. उलट कुणी चुकून पूर्ण नावाने हाक मारलीच, तर आता हा काय वाईट बातमी देतोय अशा नजरेने ती त्याच्याकडे बघे. डोळे तिचे चांगले होते हे खरं, पण नाव पडलं ते निराळ्या कारणाने. डबाबंद मासळीच्या कारखान्यात, कापणीच्या लांबलचक शेडच्या एका टोकाला उभी राहून ती दुसऱ्या टोकाच्या बाईच्या ओठांवरचं बोलणं वाचून सांगे. मधे बायकांच्या दोन रांगा, वाफेचे लोट, आणि गोंगाट तर असा, की शेजारणीने कानाशी येऊन ओरडलं तरी ती सकाळी काय खाऊन आली एवढंच कळावं.

कारखान्याला बेटावर कुणी कारखाना म्हणत नसे. ‘कामावर’ म्हणत. कामावर छप्पर गळतंय, कामावर नवा साहेब आलाय. दुसरं काम बेटावर नव्हतंच, त्यामुळे कुठलं काम ते सांगायची वेळ येत नसे. मच्छीमार मासळी घालत ती कामावर. न्हावी दुकान उघडी तो पाळ्या बघून. शाळेतल्या मास्तरांची बायकोसुद्धा हंगामात चार महिने पट्ट्यावर उभी राही, आणि मास्तर तेवढे दिवस स्वतः चहा करून पीत.

पट्टा म्हणजे शेडभर फिरणारा रबरी पट्टा. त्यावरून मासळी येई, बायका डोकं उडवत, पोट साफ करत, तुकडे डब्यात बसवत आणि डबा पुढे ढकलत. हात रिकामे नसत आणि कान असून नसल्यासारखे. उरले डोळे आणि ओठ. आवाज काढून उपयोग नाही तर घसा कशाला फोडायचा, असा सरळ विचार करून जुन्या बायकांनी नुसत्या ओठांनी बोलायची रीत पाडली होती. दुर्बिणीच्या आईने लेकीला आधी ओठ वाचायला शिकवलं आणि मग हातात सुरी दिली. पट्टा फिरे तितका वेळ बोलणंही फिरे. कुणाच्या सासूने काय टोमणा मारला, कुणाचा नवरा कुणाच्या दारावरून उगाच जातो, सगळ्याचा निकाल तिथे लागे. मुकादम मधल्या वाटेने फेऱ्या मारी आणि मनात म्हणे, काय शिस्तीच्या बायका, चकार शब्द काढत नाहीत. त्या बिचाऱ्याच्याच चालण्यावर तेव्हा चर्चा चाललेली असे.

या बोलण्यात एकच खोट होती. प, फ, ब, भ, म ही पाच भावंडं ओठांवर अगदी एकसारखी दिसतात. आरशासमोर उभं राहून कुणीही बघावं. आईच्या काळात एकदा एका बाईला समोरचीने सांगितलं, ‘तुझ्याकडे मामा आलेत.’ बाईने वाचलं, ‘बाबा आलेत.’ तिचे बाबा वारून चार वर्षं झाली होती. बाई सुरी टाकून मटकन खाली बसली, पट्टा थांबवावा लागला, आणि मुकादमाने वाफ लागली म्हणून तिला उचलून बाहेर नेलं. मामा घरी ताटकळत बसले होते ते बसलेच.

तेव्हापासून तोडगा निघाला. जिथे संशय येईल त्या शब्दाला, म असेल तर नाकाला हात लावायचा, कारण म नाकातून येतो. प असेल तर गाल फुगवायचा. ब असेल तर काहीच करायचं नाही. हात खवल्यांनी भरलेले, म्हणून बोटाऐवजी मनगटाची मागची बाजू नाकाला लावत. ही सवय इतकी अंगवळणी पडली की बायका घरीही म आला की मनगट नाकाकडे नेत आणि मुलं तेच उचलत. शाळेत पलीकडून नव्या बाई आल्या, त्यांनी पहिल्या आठवड्यात घरी कळवलं म्हणे, की इथल्या सगळ्या मुलांना कायमची सर्दी आहे.

पलीकडे म्हणजे समुद्रापलीकडे, जिथे लाँच जाते तिथे. तिथलं गाव कुठलं, शहर कुठलं, याची बेटावर कुणी चौकशी करत नसे. माणूस एकतर इथे असे नाहीतर पलीकडे.

दुर्बिणीची आई गेली तेव्हा धाकटा भाऊ शाळेत जायच्या वयाचाही नव्हता. बाप आधीच समुद्राने नेलेला. तिने त्याला वाढवला. त्या भरात तिचं लग्न कुणी मोडलं नाही, कुणी ठरवलंही नाही. ते आपलं राहून गेलं. धाकटा मोठा झाला, डबे सील करायच्या यंत्रावर लागला, हाताचा कसबी निघाला. यंत्राचा नुसता आवाज ऐकून कुठे बिघडलंय ते सांगे. पण ठरवायची वेळ आली की त्याचं घोडं अडे. चप्पल घ्यायची तरी दुकानातून परत घरी येई. ‘ताई, चल ना बघायला.’ लोक हसत. ताईला मात्र त्यात एक सुख होतं, आणि ते तिने कधी कुणापाशी बोलून दाखवलं नाही.

भावजय आली ती पलीकडची. ती लेबलांच्या खोलीत कामाला होती. ती खोली मागच्या इमारतीत, शांत. तिथे बायका चक्क आवाज काढून बोलत. त्यामुळे तिला ओठ वाचता येत नसत, आणि पट्ट्यावरच्या बायका तिच्या तोंडावर तिच्याबद्दल बोलून घेत. ती काही दुधखुळी नव्हती. एकदा शेडच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि ओरडली, ‘जे बोलायचं ते आवाज काढून बोला!’ कुणाला ऐकू गेलं नाही, पण दुर्बिणीने वाचलं आणि सगळ्यांना सांगितलं, आणि त्या दिवसापासून बायका तिला जरा वचकून राहिल्या. दुर्बिणीला ही मुलगी आवडली होती. धास्तीही तिचीच होती. पलीकडची बाई, आज ना उद्या नवऱ्याला पलीकडे नेणार.

आणि तसंच झालं. भावजयीच्या भावाने पलीकडच्या बर्फाच्या कारखान्यात धाकट्यासाठी जागा बघितली. यंत्रावरचंच काम, राहायला दोन खोल्या. आठवड्याच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं. कामावर तेव्हा कुजबुज चालूच होती. मासळी कमी येत होती, मालकांची माणसं येऊन यंत्रं मोजून गेली होती. भावजय म्हणाली, ‘जाऊ या.’ धाकटा म्हणाला, ‘ताईला विचारतो.’

ताईला विचारायच्या आधी ताईला दिसलं. शेडच्या वर साहेबाची काचेची केबिन होती. त्या दिवशी साहेब काचेशी उभा राहून फोनवर बोलत होता. नेहमी तो पाठ करून बोले. खालच्या बायका ओठ वाचतात, असं कुणीतरी त्याला सांगितलं असावं. आज विसरला. पट्ट्यावर ओठोओठी निरोप फिरला: दुर्बीण, वर बघ.

तिने वर बघितलं. साहेब बोलत होता, ‘पुढच्या हंगामापासून काम...’ आणि पुढचा शब्द म्हणताना त्याने मनगटाची मागची बाजू नाकाला लावली.

मंद.

या शब्दात नवीन काही नव्हतं. पट्ट्याच्या खटक्यावर तीनच शब्द लिहिलेले होते, मंद, मध्यम, जलद, आणि मासळी कमी असली की खटका मंदावर जाई. मंदाचे दिवस बेटाने पुष्कळ काढले होते. त्या दिवसांत अर्धीच पाळी मिळे, पोटाला चिमटा बसे, पण माणूस मरत नसे. तिने ओठांनी सांगितलं, मनगट नाकाला लावून सांगितलं, आणि पट्टाभर एकीमागून एक मनगटं नाकाला लागली. मंद. बंद नाही, मंद. एका म्हातारीने तर सुरी खाली ठेवून दोन्ही मनगटं लावली.

घरी धाकटा वाटच बघत होता.

‘ताई, नक्की ना?’

‘या डोळ्यांनी बघितलं.’

भावजय वाळलेले कपडे काढत होती. तिथूनच म्हणाली, ‘पण पुढच्या हंगामाची लेबलं छापून आलेली नाहीत. दरवर्षी या दिवसांत गठ्ठे येऊन पडतात.’

‘काम मंद म्हटल्यावर लेबलं कमीच लागणार,’ धाकटा म्हणाला.

‘कमी नाही. एकही नाही. मी मागच्या इमारतीत रोज बसते, मला दिसतं.’

‘अगं, ताईने साहेबाच्या तोंडून बघितलंय.’

भावजयीने हातातले कपडे होते तसेच खाटेवर टाकले. आणि विषय तिथे संपला, म्हणजे नवऱ्याच्या दृष्टीने संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बीण कामावर पोचली तेव्हा साहेब फाटकाशीच उभा होता. डोळे लाल, नाक त्याहून लाल. पहारेकऱ्याशी काहीतरी बोलता बोलता तो शिंकला, मग पुन्हा शिंकला, खिसे चाचपले, रुमाल नव्हता, आणि त्याने मनगटाच्या मागच्या बाजूने नाक पुसलं. पहारेकरी म्हणाला, ‘साहेब, कालपासून बघतोय, डॉक्टरला दाखवा.’

दुर्बीण जागीच थांबली. मागून येणाऱ्या बाईने तिला धक्का दिला आणि दोन शब्द सुनावले, तरी ती हलली नाही.

साहेबाला पट्ट्यावरची खूण माहीत असायचं कारण काय? कुठल्या साहेबाने कधी कापणीच्या शेडमध्ये पाच मिनिटं काढली होती? त्याच्या नाकाला हात गेला तो नाक वाहत होतं म्हणून. एवढी साधी गोष्ट तिला काल सुचली नाही, कारण तिच्या लेखी नाकावरचं मनगट म्हणजे म. दुसरा अर्थ आयुष्यात पडलाच नव्हता. कुठल्याही शहाण्या माणसाने बघितलं असतं तर म्हणाला असता, बिचाऱ्याला सर्दी झालीय. दुर्बिणीलाच तेवढी ती दिसली नाही.

सर्दी झालेला माणूसही मंद म्हणू शकतो, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. शब्द मंदही असेल, बंदही असेल. आता सांगता येत नव्हतं, एवढंच. हे एवढंच धाकट्याला जाऊन सांगायचं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. संध्याकाळी तो यंत्राचं ग्रीस नखांतून काढत अंगणात बसला होता. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि दोन खोल्यांचं हे घर त्याच्याशिवाय कसं दिसेल ते तिला दिसलं, आणि ती चहा टाकायला आत गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने ठरवून मूग गिळले. खोटं बोलायला तोंड उघडावं लागतं असं थोडंच आहे.

आठवडा संपला. धाकट्याने पलीकडे नकार कळवला.

हंगाम सरला आणि कारखाना बंद झाला. साहेबाने शेडमध्ये सगळ्यांना गोळा करून सांगितलं. पट्टा थांबलेला होता, त्यामुळे कित्येक बायकांनी त्याचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. बारीक, चिरका आवाज होता. या आवाजाला आपण इतकी वर्षं भ्यायलो, असं एक बाई पुटपुटली, आणि रडायच्या ऐवजी तिला हसू फुटलं आणि मग ते रडण्यावर गेलं.

पुढचे महिने काय सांगावेत. हातावर पोट असलेल्या माणसाचे हातच बांधले की पोट काही दिवस वाट बघतं आणि मग बोलायला लागतं. मच्छीमारांनी मासळी आणायची कुणासाठी? बर्फ कामावरच तयार होई, तोही थांबला. मासळी धक्क्यावरच नासायला लागली, तेव्हा होड्या वर ओढून पालथ्या घातल्या. लाँच रोज दोनदा येई ती दिवसाआड यायला लागली. न्हावी खुर्चीत स्वतःच बसून आरशात बघत राही. ज्या मांजरांनी उभ्या जन्मात माशाच्या डोक्याकडे नाक मुरडलं होतं, ती दारोदार फिरून पावाच्या शिळ्या तुकड्यावर गुरगुरू लागली. मास्तरांचे दोन वर्ग एका खोलीत आले, मग तीन. घरं एकेक करून कुलूप लावून पलीकडे गेली. जाणारे दारातली झाडाची कुंडी शेजाऱ्याकडे देत, आणि मग शेजारी जाताना त्या दोन्ही तिसऱ्याकडे देई. दुर्बिणीच्या अंगणात अशा कुंड्यांना जागा उरली नाही.

जे वेळेवर पलीकडे गेले त्यांना कामं मिळाली. उशिरा गेलेले रांगेत उभे राहिले. आणि उशिरा गेलेल्यांत बरेचसे असे होते, की ज्यांनी मंद ऐकून छप्पर शाकारलं होतं, नवी जाळी विणायला घेतली होती. कुणी तिला वाटेत अडवून शिव्या दिल्या नाहीत. माणसं चांगली होती, आणि दुर्बीण चुकेल हे त्यांच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. फार तर नळावर एखादी म्हणे, ‘काय गं दुर्बीण, मंदच आहे ना अजून?’ आणि सगळ्या हसत, तीही हसे. शिव्या बऱ्या असं तिला तेव्हा वाटे.

धाकटा पालथ्या होड्यांना डांबर लावायला जाई, पण होड्या किती आणि डांबर लावणारे किती. उरलेला वेळ तो बंद फाटकाच्या बाहेर बसून राही. गंजत चाललेल्या यंत्रांची त्याला काळजी वाटे. बायकोशी बोलत नसे, ताईशी मात्र बोले. ‘तुझी काय चूक ताई, तू दिसलं ते सांगितलंस,’ असं तोच तिची समजूत घाली.

असं असताना एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. भावजयीच्या भावाने पुन्हा निरोप धाडला: पलीकडे, बऱ्याच आत, एका गॅरेजमध्ये माणूस हवा आहे, काम हलकं नाही, खोली एकच, पण लगेच कळवा. आणि बेटावर बातमी आली, की कारखाना बघायला पाहुणे येणार आहेत. नवा मालक असेल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर लोकांना आख्खा ओंडका दिसायला लागला. न्हाव्याने दुकान झाडून घेतलं.

धाकटा म्हणाला, ‘पाहुण्यांना येऊन जाऊ दे. ताई बघेल ते आपसांत काय बोलतात. मग गॅरेजचं ठरवू.’

भावजय घागर उचलून नळावर गेली. थोड्या वेळाने दुर्बीणही गेली. नळाला बारीक धार होती आणि दोघींशिवाय तिथे कुणी नव्हतं.

‘तुझा माझ्यावर राग आहे,’ दुर्बीण म्हणाली.

‘नाही ताई.’ भावजयीने घागर सरळ केली. ‘चूक कुणाचीही होते. तुम्ही वाचलंत, वाचण्यात चुकलात. ते मी केव्हाच सोडून दिलं.’

‘मग?’

‘मी लेबलांचं सांगितलं होतं. आवाज काढून, त्याच्या समोर बसून सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही. तुम्ही काही न ऐकता सांगितलंत, ते त्याने ऐकलं.’ तिने घागर धारेखाली सरकवली. ‘आताही तेच करणार आहे. मी इथे वाळून गेले तरी तो तुमच्याकडे बघून ठरवणार. काम गेल्याचं नाही हो ताई मला एवढं. घरात माझ्या बोलण्याला काय किंमत आहे ते कळलं, त्याचं आहे. या वेळी तो थांबला, तर मी एकटी जाणार आहे. भावाला तसं कळवलंय.’

घागर भरून वाहायला लागली होती. भावजयीने ती उचलून कमरेवर घेतली आणि ती निघून गेली. दुर्बीण नळ बंद करायचं विसरून उभी राहिली. जी चूक सगळ्यांना माहीत होती तिची माफी तिला केव्हाच मिळून गेली होती. जी कुणाला माहीत नव्हती तिची माफी मागायची तर आधी ती सांगावी लागणार होती.

पाहुणे सकाळी लाँचने आले. चौघे होते, बुटांना चिखल लागू नये म्हणून टाचा उचलून चालत होते. फाटक त्यांच्यासाठी उघडलं आणि त्यांच्यामागे लागलं. बाहेर तारेच्या कुंपणाशी उरलंसुरलं बेट गोळा झालं. लोकांनी दुर्बिणीला वाट करून दिली, कुणीतरी उभं राहायला खोकं दिलं. मागून म्हाताऱ्या मुकादमाने खांदा पुढे केला, ‘धर, पडशील.’ धाकटा तारेला हात लावून शेजारी उभा होता. त्याच्यामागे दोन माणसं सोडून भावजय.

आत, शेडच्या दारापाशी पाहुणे बोलायला लागले. तोंडं कुंपणाकडेच होती. ऊन स्वच्छ होतं. इतकी सोपी जागा तिला कारखान्यातही कधी मिळाली नव्हती.

‘ताई, काय म्हणतात?’ धाकटा म्हणाला.

तिने पहिले दोन शब्द वाचले असतील, नसतील. मग ती खोक्यावरून वळली आणि पाहुण्यांकडे पाठ करून उभी राहिली.

‘मी वाचणार नाही,’ ती म्हणाली. वर्षानुवर्षं आवाज न वापरल्यामुळे तिचं बोलणं मुळात हळू. पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं.

‘अगं, असं काय करतेस? जाऊ दे ना मागचं!’ मुकादम म्हणाला.

‘मागच्या वेळी साहेबाला सर्दी झाली होती.’

कुणाला काही कळेना. मग पट्ट्यावरच्या एका बाईला कळलं. तिचं मनगट आपोआप नाकाकडे गेलं आणि वाटेत थांबलं. ‘अगं बाई,’ ती म्हणाली. दोघीतिघींना एकदम कळलं आणि त्यातली एक फिस्सकन हसली, आणि मग सगळ्याच बायका तोंडाला हात लावून हसायला लागल्या. बेट बुडालं ते एका नाकापायी, यात हसण्यासारखं होतंच. धाकटाही हसला. ‘घ्या! म्हणजे तुझी काही चूकच नाही ताई, कुणीही फसलं असतं...’

‘मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं,’ दुर्बीण त्याला म्हणाली. ‘फाटकाशी. त्याला शिंकताना बघितलं मी.’

हसणं हळूहळू थांबलं.

‘दुसऱ्या दिवशी? मी नकार कळवायच्या आधी?’

‘आधी.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तू गेला असतास.’

त्याचा हात अजून तारेवर होता. तो तिच्याकडे बघत राहिला, लहानपणी आईला नेलं तेव्हा बघत होता तसा, काहीही न विचारता. मग त्याने तारेवरचा हात काढला, वळला, आणि गर्दीत बायकोला शोधायला लागला. ती दोनच माणसांमागे होती, पण त्याला पटकन सापडली नाही.

‘लेबलांचं तू काय म्हणाली होतीस?’ त्याने विचारलं. ‘एकही छापलं नव्हतं?’

‘एकही नाही,’ भावजय म्हणाली.

‘घरी चल. सगळं नीट सांग.’

पाहुणे दुपारी त्याच लाँचने परत गेले. ते काय बोलले ते बेटाला त्यांनीच पुढे कृतीने सांगितलं. यंत्रं सुटी करून भंगारात न्यायला माणसं आली. पण तोवर धाकट्याने गॅरेजला होकार कळवला होता.

निघेपर्यंतचे दिवस घरात भांडण नव्हतं. धाकटा ताईशी बोलत नव्हता, एवढंच. काय न्यायचं, काय ठेवायचं ते तो बायकोला विचारी. दुर्बीण पुढच्या खोलीत बसून ते ऐके. ज्याची धास्ती घेऊन ती गप्प राहिली होती, ते तिने स्वतःच्या तोंडाने घडवून आणलं होतं. वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं. पण रात्री तिला झोप लागायला लागली होती.

धक्क्यावर भावजय तिच्या पाया पडायला वाकली, तर तिने तिला मधेच धरून उभी केली. खोकी चढली. लाँचवाल्याने दोर सोडायला घेतला. धाकटा शेवटी उरला. हातात पिशवी, नजर खाली.

‘जातो,’ तो म्हणाला.

जाताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं, हे बेटावरचं शेंबडं पोरही जाणतं. त्याला तर ते तिनेच शिकवलं होतं, पहिल्या दिवशी शाळेत धाडताना, दारात थांबवून. भावजय चटकन म्हणाली, ‘अहो, येतो म्हणा.’

तो लाँचवर चढला.

‘राहू दे,’ दुर्बीण तिला म्हणाली. ‘खरं तेच बोलतोय तो.’